गणित सोडून रसायन?

अकरावीला विज्ञान शाखेत जाताना तुमच्यापैकी काहीजण गणित सोडतात आणि रसायनशास्त्र ठेवतात. 'ते काय, पाठ केले की झाले' असा त्यांचा हिशेब असतो. तो कितपत खरा आहे, हे एका उदाहरणाने तपासून पाहा.

८.४ ग्रॅम खाण्याचा सोडा पुरता विघटन होईपर्यंत तापवला, तर कार्बन डायॉक्साइड किती मिळेल? या सोड्याचा रेणुभार ८४, म्हणजे आपण घेतला ०.१ मोल. त्याच्या दोन रेणूंपासून कार्बन डायॉक्साइडचा एकच रेणू सुटतो. उरते ते सोडियम कार्बोनेट व पाणी. म्हणून वायू मिळाला ०.०५ मोल. त्याचा रेणुभार ४४, तेव्हा वजन २.२ ग्रॅम. यात पाठांतर कितीसे आहे? समीकरण लिहिता आले की बाकी सारे त्रैराशिक!

पुढे लॉगरिथम येतो. द्रावाचा सामू ५ वरून ३ वर आला, तर त्यातील हायड्रोजन आयनांचे प्रमाण शंभरपट होते. बारावीत विक्रियांचा वेग मोजतानाही तो भेटतो आणि बी.एस्सी.च्या भौतिक रसायनात तर कलनाशिवाय पान हलत नाही.

मी भौतिकीचा शिक्षक, म्हणून गणिताची बाजू घेतो असे कोणी म्हणेल, म्हणो बापडे. गणित सोडूनही रसायन जमते, पण त्रैराशिक, घातांक आणि लॉगरिथम पक्के हवेत. प्रवेश-अर्ज भरण्यापूर्वी वरच्या वर्गातील कोणाचे तरी पुस्तक आणा आणि मोलच्या प्रकरणाखालची पाच उदाहरणे स्वतः सोडवून पाहा.