पाण्यातलं वॉर्निश पाण्यात कसं टिकतं?

सिंगापूरच्या बऱ्याच जुन्या एचडीबी घरांत लाकडी पार्केची जमीन दिसते. तिच्यावरचा चकचकीत, पारदर्शक थर पुष्कळदा पॉलियुरेथेनचा असतो. हे एक प्रकारचं प्लास्टिकच. पूर्वी ते उग्र वासाच्या द्रावकात विरघळवत. आता ते पाण्यात मिसळलेलंही मिळतं. वास कमी येतो, त्यामुळे छोट्या घरात बरं पडतं.

पण थांबा! जे पाण्यात मिसळतं, ते पाण्याने खराब नाही का होणार?

तुमची शंका बरोबर आहे. पॉलियुरेथेनचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. त्या पाण्यात नीट पसराव्यात म्हणून त्यांना पाण्याची ओढ असलेले छोटे गट जोडतात. थर वाळला तरी हे गट बहुधा तिथेच राहतात. मग सांडलेलं पाणी वेळेवर पुसलं नाही, तर थर फुगतो आणि मऊ पडतो.

यावर उपाय काय? कोळ्याचं जाळं आठवा. सुटा दोरा ओढला की निघून येतो. गाठी मारलेल्या जाळ्यातून मात्र एकही दोरा निसटत नाही. वॉर्निशमध्ये हेच काम ‘हार्डनर’ करतो. तो साखळ्यांमध्ये आडवे दुवे तयार करतो. मग थर पाण्याने कमी फुगतो आणि घासण्यालाही जास्त टिकतो.

मात्र ‘अति तेथे माती’! दुवे फार झाले, तर थर ठिसूळ होतो. दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. थराला त्याच्याबरोबर थोडं ताणता आलं पाहिजे. म्हणून हार्डनर मोजूनच घालतात. मिसळल्यावर ते ठरलेल्या वेळेत वापरावं लागतं. आणि वास कमी म्हणजे धोका नाही, असं समजू नका. काही हार्डनर त्वचेला आणि श्वासाला त्रास देतात. हातमोजे आणि खेळती हवा हवीच.

रबराची गोष्टही अशीच आहे. १८७७ मध्ये रबराची २२ रोपं लंडनच्या क्यू उद्यानातून सिंगापूरला आली. पण कच्चं रबर उन्हात चिकट होतं. १८३९ मध्येच चार्ल्स गुडइयर यांना दिसलं होतं, की गंधक घालून तापवलं की रबर टिकाऊ होतं. गंधकही साखळ्यांना आडवं बांधतो!

शब्दार्थ
द्रावक – ज्यात दुसरा पदार्थ विरघळतो तो द्रव
दुवा – दोन गोष्टींना जोडणारा भाग
ठिसूळ – पटकन तुटणारा
आकसणे – आकाराने लहान होणे

प्रश्न
१. वाळलेला थर पाण्याने का फुगतो?
२. जाळ्यातली गाठ आणि हार्डनर यांत काय सारखं आहे?
३. हार्डनर जास्त घातला तर काय होईल? दोन वाक्यांत लिहा.