देशी मासा, परकी नदी

देशातील मासा देशातील प्रत्येक नदीचा असतो, हा समज बरोबर नाही. दख्खनी महसीरचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्यानजीकच्या मुळा-मुठेतील माशावरून या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे तिची संख्या घटू लागली, तेव्हा १९७० च्या दशकापासून लोणावळ्याजवळ वळवण येथे तिचे कृत्रिम प्रजनन करण्यात आले व मत्स्यबीज अन्य राज्यांनाही देण्यात आले.

हेतू स्तुत्य होता; परंतु कावेरीत सोडलेली ही जात तेथे फोफावली, आणि कावेरीचाच कुबड्या महसीर मागे पडत गेला. धरणे, वाळूउपसा व सुरुंगाने होणारी मासेमारी यांचीही त्यात भर पडली. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने कुबड्या महसीरची गणना अतिसंकटग्रस्त जातींत केली.

गावतलाव सांडव्यावरून वाहू लागला, की त्यातील मासे नदीत उतरतात. नदीत पसरलेली जात पुन्हा वेचून काढता येत नाही. म्हणून मत्स्यबीज सोडण्यापूर्वी ते कोणत्या खोऱ्यातील आहे, याची चौकशी पंचायतींनी अवश्य करावी. शाळांनीही स्थानिक माशांची नोंदवही ठेवल्यास या कामी मोलाचे साहाय्य होईल.