करसवलत, धर्मादाय खाट आणि आपली जबाबदारी

आपल्या रुग्णालयात वर्षभर दोन प्रश्न वारंवार कानी पडतात. पहिला बिलाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या नातेवाइकांचा : ‘आम्ही सरकारला कर भरतो, मग आजारपणाचा खर्च आमच्याच माथी का?’ दुसरा काही देणगीदारांचा, किंचित दबक्या आवाजातला : ‘ज्याने आयुष्यभर तंबाखू मळली, त्याच्या तोंडाच्या कर्करोगासाठी आम्ही पैसे का द्यावेत?’ दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. जमाखर्चाच्या आकड्यांकडे वळण्यापूर्वी त्यांचा विचार करावा, म्हणून हे टिपण.

आयकर भरणारे आपल्याकडे थोडे. परंतु कर न भरणारा मनुष्य मात्र सापडणार नाही. गगनबावड्याहून एस.टी.ने आलेली आजी साबणाची वडी विकत घेते, तेव्हा तीही वस्तू व सेवा कर भरते. तेव्हा पहिल्या प्रश्नात तथ्य आहे. राज्यघटनेच्या कलम ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे शासनाच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानले आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत शासकीय आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे ठरविले होते; राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा झाली हे खरे. तथापि शंभरातील चाळीस रुपये आजही घरातूनच जातात, आणि ते बहुधा उसनवारीने किंवा दागिना मोडून उभे राहतात.

धर्मादाय रुग्णालयाचे स्थान या दोहोंच्या मध्ये आहे. ते सरकारी नाही, पण सर्वस्वी खाजगीही नाही. न्यासाच्या उत्पन्नावर अटींनुसार आयकर माफ असतो. देणगीदारासही, जुन्या करपद्धतीत, ८०जी या नावाने परिचित असलेली वजावट मिळते. तीस टक्के दराने कर भरणाऱ्याने दहा हजार रुपये दिले आणि निम्म्या रकमेची वजावट घेतली, तर त्याचा सुमारे दीड हजार रुपये कर वाचतो. म्हणजेच त्या दहा हजारांत दीड हजार सरकारी तिजोरीचे, पर्यायाने त्या आजीचेही आहेत. (नव्या करपद्धतीत ही वजावट नाही. ती स्वीकारूनही जे देणगी देतात, त्यांचे सगळे दहा हजार स्वतःचे, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.)

निर्धन रुग्णांच्या खाटांकडे या दृष्टीने पाहावे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१कक आणि उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयाने दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात, आणि एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. तातडीच्या प्रसंगी अनामत न मागता रुग्णास दाखल करून घ्यावे, असेही त्यात आहे. विश्वस्त मंडळांच्या भाषणांत या खाटांचा उल्लेख पुष्कळदा ‘आमची सेवा’ असा होतो. माझ्या मते तो शब्द येथे चुकीचा आहे. सोडून दिलेल्या कराची ती परतफेड आहे. त्या खाटेवरील रुग्णाने आपल्यापुढे हात जोडण्याचे कारण नाही.

आता दुसरा प्रश्न. तंबाखू सोडणे, रक्तदाब वेळेवर तपासणे, चाळिशीनंतर साखर पाहणे ही ज्याची त्याची जबाबदारी आहेच. पण तिची मर्यादाही आपल्या जिल्ह्यानेच पाहिली. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या त्या रोगाला कोणत्या यंत्रमाग कामगाराचे व्यसन कारणीभूत होते? पाणी उकळून प्यावे, इतके तो करू शकतो. नदी आणि जलवाहिनी स्वच्छ ठेवणे एकट्याच्या हातचे नाही. तंबाखूचेही तसेच. तिच्यावरील कर सरकार वर्षानुवर्षे वसूल करते. मग त्याच तंबाखूने आजारी पडलेल्याला ‘तुझे तू बघ’ म्हणणे न्याय्य कसे ठरेल? खाणाऱ्याने कर आधीच मोजला आहे.

कर्तव्याची अशी विभागणी करवीरकरांना नवी नाही. १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. शाळेचा खर्च दरबाराचा. पण मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड. दरबाराने आधी शाळा उघडली, दंडाची भाषा त्यानंतरची. आरोग्याच्या बाबतीत आपण हा क्रम पुष्कळदा उलटा करतो.

मग देणगीची गरज कोठे उरते? कायद्याची रेघ जेथे संपते तेथे. सध्या वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल घटक. त्याहून चार-दोन हजार अधिक मिळविणारा कारखान्यातील कामगार कोणत्याच रकान्यात बसत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण प्रतिकुटुंब ५ लाखांपर्यंत वाढवून ती सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय शासनाने २०२३ मध्ये घेतला, ही मोठीच सोय झाली. परंतु ती ठरलेल्या उपचारांपुरती आणि अंगीकृत रुग्णालयांपुरती आहे. यादीबाहेरचा आजार, घरी गेल्यानंतरची महिनोन्महिन्यांची औषधे, सोबत राहणाऱ्याची बुडालेली मजुरी यांना त्यात जागा नाही. ज्या देणगीवर कायद्याचा हक्क नाही, ती येथे खर्ची पडावी, असे मला वाटते. निर्धन खाटांचा खर्च देणगीतून भागवून हिशेब जुळविणे योग्य नव्हे.

नातेवाइकांना एक विनंती. गेल्या पावसाळ्यात एका आजीचा मुलगा आईला दाखल केल्यावर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालय आणि रुग्णालय यांमध्ये चार दिवस फेऱ्या घालत होता. शिधापत्रिका घरी फळीवरच होती. ती कामी येईल, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. रुग्णास आणताना शिधापत्रिका, आधारपत्र व असल्यास तहसीलदारांचा दाखला सोबत ठेवावा, आणि पहिल्याच दिवशी समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. कागद नसतील तरी भेटावे.