अल्पप्रिय मोबाईल-प्रणाली व तिचे आश्रयदाते

मोबाईल फोन घ्यावयास आपण दुकानांत जातों तेव्हां कॅमेरा पाहतों, बॅटरी पाहतों, किंमत तर दोनदां विचारतों; परंतु हीं सर्व अंगें जिच्या आज्ञेंत वागतात त्या कार्यप्रणालीची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची, चौकशी क्वचितच करितों. आज जगांतील बहुतेक सारे फोन दोनच प्रणालींवर चालतात. त्यांपैकीं आयओएस ही ॲपल कंपनी आपल्या आयफोनाखेरीज दुसऱ्या कोणाच्या फोनास देत नाहीं. तेव्हां इतर कारखानदारांस गूगलची अँड्रॉइड हाच राजमार्ग उरतो. असें असतां, जिचे अँड्रॉइड फोन हातोहात खपत होते त्या सॅमसंग कंपनीनें गिऱ्हाइकानें न मागितलेल्या प्रणालींवर वर्षानुवर्षें पैसा कां ओतावा? वरवर पाहतां हा वेडेपणा वाटेल. त्यांतील शहाणपण ध्यानीं येण्यास अँड्रॉइड कोणत्या अटींवर मिळते तें प्रथम पाहिलें पाहिजे.

२००७ सालीं गूगलनें अनेक कंपन्यांचा ओपन हँडसेट अलायन्स नांवाचा संघ स्थापिला, व पुढील वर्षीं एचटीसी कंपनीनें बनविलेला पहिला अँड्रॉइड फोन बाजारांत आला. जी प्रणाली स्वतः रचावयास शेंकडों अभियंते राबवावे लागले असते ती आयती व विनामूल्य मिळाली. कारखानदार तिच्याकडे धांवले यांत नवल नाहीं. तिची मूळ संहिता सर्वांस खुली आहे. परंतु प्ले स्टोअर, नकाशे, यूट्यूब इत्यादि गूगलच्या ॲपांसाठीं वेगळा करार करावा लागतो, आणि करार म्हटला कीं अटी आल्याच. अँड्रॉइडची विसंगत आवृत्ति घालून फोन काढूं नये, ही त्यांतील एक. तैवानच्या एसर कंपनीस तिचा प्रत्यय २०१२ च्या सप्टेंबरांत आला. अलीबाबाची अलियुन ही प्रणाली घातलेला फोन ती चीनमध्यें प्रसिद्ध करणार होती. अलियुन ही अँड्रॉइडचीच विसंगत आवृत्ति होय, असें म्हणून गूगलनें हरकत घेतली. अलीबाबानें तें नाकारलें. परंतु एसरचा समारंभ रद्द झाला तो झालाच. अशा अटींचा प्रश्न पुढें सरकारांपर्यंत गेला. २०१८ सालीं युरोपियन कमिशननें गूगलला ४.३४ अब्ज युरोंचा दंड केला, व २०२२ सालीं आपल्या देशाच्या स्पर्धा आयोगानें १,३३७ कोटी ७६ लक्ष रुपयांचा.

ऑगस्ट २०११ मध्यें तर गूगलनें मोटोरोला मोबिलिटी ही फोन बनविणारी कंपनीच १२.५ अब्ज डॉलरांस घेण्याचें जाहीर केलें. ज्याच्या जागेंत आपलें दुकान, त्यानेंच शेजारीं तोच माल मांडावा, असा हा प्रकार! सॅमसंगनें याआधींच, २०१० सालीं, आपल्या स्वतःच्या बाडा प्रणालीचा फोन काढला होता. त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टच्या विंडोजचेही फोन काढिले. आणि सप्टेंबर २०११ मध्यें इंटेलसह टायझन ही नवी प्रणाली हातीं घेतली. असे फोन किती खपतात हा प्रश्न येथें दुय्यम होय. प्रसंग पडल्यास आपण उठून दुसरीकडे जाऊं शकतों, हें समोरच्यास सदैव दिसत राहणें हीच अशा प्रणालीची खरी किंमत. जानेवारी २०१४ मध्यें सॅमसंग व गूगल यांनीं एकमेकांचीं पेटंटें दहा वर्षें वापरण्याचा करार केला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मोटोरोला लेनोव्होस विकण्याचें गूगलनें जाहीर केलें. या दोन गोष्टींचा संबंध काय असावा याचा तर्क वाचकांनीं करावा.

कधीं कधीं कारण याहून साधें, म्हणजे रोख पैसा, असतें. नोकियानें २०११ सालीं विंडोजचा स्वीकार केला तेव्हां मायक्रोसॉफ्टनें तिला दर तिमाहीस २५ कोटी डॉलर देण्याचें मान्य केलें होतें. कधीं तें स्वस्ताईचें असतें. २०१७ सालीं १,५०० रुपये अनामत घेऊन दिलेल्या जिओफोनांत कायओएस घातली गेली, ती थोडक्या स्मरणशक्तीच्या यंत्रावर चालते म्हणून.

परंतु दुसरी वाट राखून ठेवणें वेगळें व तिच्यावर रहदारी आणणें वेगळें. जेथें गिऱ्हाईक थोडें तेथें ॲप लिहिणारे जात नाहींत, आणि जेथें ॲपें थोडीं तेथें गिऱ्हाईक जात नाहीं. टायझनचा पहिला फोन, सॅमसंग झेड-१, जानेवारी २०१५ मध्यें प्रथम भारतांतच ५,७०० रुपयांस विक्रीस आला. मागून आणखी कांहीं आले, आणि मग ती मालिका थांबली. तथापि केलेले श्रम अगदींच वायां गेले नाहींत. २०१५ पासून सॅमसंगच्या दूरदर्शन-संचांत टायझनच चालते, व पुष्कळ घरीं ती आहे हें घरच्यांस ठाऊकही नसतें.

दुसरी वाट मुळींच नसल्यास काय होतें, हें चीनच्या हुआवे कंपनीवरून दिसलें. मे २०१९ मध्यें अमेरिकेच्या सरकारनें तिच्याशीं व्यापारावर निर्बंध घातले, आणि तिच्या नव्या फोनांस गूगलचीं ॲपें मिळेनाशीं झालीं. तिनें ऑगस्टमध्यें हार्मनी-ओएस जाहीर केली. ती फोनांत येण्यास २०२१ चा जून उजाडला, व अँड्रॉइडचीं ॲपें मुळींच न चालविणारी स्वतंत्र आवृत्ति २०२४ च्या ऑक्टोबरांत निघाली. मधल्या काळांत चीनबाहेरील तिचा फोन-व्यापार फारच खालावला.

येथवर कारखानदाराची बाजू झाली. गिऱ्हाइकाची बाजू पालकांनीं विशेष पहावी, कारण किंमत त्यांच्या खिशांतून जाते. विंडोजचे फोन कांहीं वाईट नव्हते. ते साफसुथरे व चपळ होते, असें माझें मत आहे. पण ३१ डिसेंबर २०१९ नंतर त्यांवर व्हॉट्सॲप चालेनासें झालें. कंपन्या तोंवर दुसऱ्या वाटेनें गेल्या होत्या. ज्यांनीं ते फोन घेतले त्यांच्या हातीं चालतें यंत्र राहिलें, आणि त्यावरून निरोप मात्र जाईना.