रोजमेरी इसेन्शियल ऑइल: रोजचे उपयोग, खरे फायदे आणि बाटलीतले आठ रुपये



हेअर ऑइलच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच आहे. "सर, रोजमेरी तेलाला सध्या खूप मागणी आहे, घरी बनवून विकू का?" व्हिडिओमध्ये मी बाटली भरून दाखवली, पण आकडे आणि नियम घाईघाईत सांगितले गेले. म्हणून आज हा लेख. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी गृहपाठ आहे.

आधी एक प्रसंग सांगतो. आमच्या एका बॅचमधल्या ताईंनी सोसायटीतल्या ओळखीच्या बायकांसाठी रोजमेरीचं केसांचं तेल बनवायला सुरुवात केली. पहिल्या बाटल्या छान गेल्या. मग दोघी-तिघी म्हणाल्या, "वास जरा कमी येतो गं." ताईंनी पुढच्या वेळी १०० मिलीच्या बाटलीत २ मिलीऐवजी थेट १० मिली रोजमेरी ओतलं. हेतू चांगला होता, गिऱ्हाईक खूश व्हावं. पण एका बाईंच्या डोक्याची आग आग झाली, कानामागे लाल चट्टे आले. त्यांनी फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि त्या दिवसापासून ऑर्डर बंद. वर्षभराची ओळख एका फोटोत गेली.

ही चूक कुणाच्याही हातून होऊ शकते. म्हणून विकायचा विचार करण्याआधी ही वस्तू नीट समजून घेऊ.

रोजमेरी तेल म्हणजे नक्की काय?

रोजमेरी हे भूमध्य समुद्राच्या काठच्या प्रदेशातलं झुडूप. आपली तुळस आणि पुदिना ज्या कुळातले, त्याच कुळातलं. पानं सुईसारखी बारीक. भारतात निलगिरीच्या डोंगराळ भागात, काश्मीर आणि उत्तराखंडातही याची लागवड होते.

पानं आणि फुलोऱ्याचे शेंडे वाफेवर ठेवून जो अर्क निघतो, ते इसेन्शियल ऑइल. शंभर किलो ताज्या पाल्यातून एखाद्या किलोच्या आसपास तेल मिळतं. यावरून ते किती तीव्र असेल याचा अंदाज करा. त्यात सिनिओल आणि कापूर हे दोन मुख्य घटक असतात. निलगिरी तेलातही सिनिओलच मुख्य असतं, म्हणून रोजमेरीचा वास घेतला की निलगिरी-कापराची आठवण येते.

बाजारात 'रोजमेरी' नावाने तीन वेगळ्या वस्तू मिळतात, त्यात गोंधळ करू नका:

१. इसेन्शियल ऑइल: वर सांगितलेला शुद्ध अर्क. थेंबांनी वापरायचा.
२. मुरवलेलं तेल: खोबरेल किंवा तिळाच्या तेलात वाळलेली पानं मुरवून केलेलं. हे सौम्य असतं.
३. फ्रेग्रन्स ऑइल: फक्त वास. बहुतेक वेळा कृत्रिम. मेणबत्तीला चालेल, पण रोजमेरी तेल म्हणून डोक्याला लावायला विकायचं नाही.

घरातले रोजचे उपयोग

*केसांना मालिश.* सगळ्यात जास्त वापर हाच. एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली खोबरेल किंवा तिळाचं तेल घ्या, त्यात रोजमेरीचे २ थेंब. बोटांच्या टोकांनी हलकी मालिश करा, तासाभराने धुवा. आठवड्यातून दोन वेळा पुरे.

*थकलेले पाय, आखडलेली मान.* दिवसभर दुकानात उभं राहणाऱ्यांसाठी छान. मोठा चमचा, म्हणजे १५ मिली तिळाच्या तेलात ६ थेंब टाकून मालिश करा. मालिशीचा आराम आणि वासाचा ताजेपणा दोन्ही मिळतात.

*खोलीतला सुगंध.* डिफ्युझरमध्ये ३-४ थेंब. कामाच्या टेबलावर किंवा अभ्यासाच्या खोलीत अनेकांना हा वास तरतरी देणारा वाटतो.

*कपाट आणि चपलांचं रॅक.* कापसाच्या बोळ्यावर २-३ थेंब टाकून वाटीत ठेवा. कुबट वास झाकला जातो. बोळा थेट कपड्यांवर ठेवू नका, डाग पडतो.

पाण्यात थेंब टाकून स्प्रे करायची पद्धत मात्र चुकीची. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं. मग एखाद्या फवाऱ्यात नुसतं पाणी येतं आणि एखाद्यात नुसता अर्क. तो डोळ्यात गेला तर काय होईल, विचार करा.

कुणी वापरू नये?

गरोदर स्त्रिया, फिट येणारे रुग्ण आणि लहान मुलं यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. बाळांच्या नाकाजवळ तर हा वास अजिबात नेऊ नका. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी बंद खोलीत डिफ्युझर लावू नये. पोटात घ्यायचं नाही, डोळ्यांजवळ लावायचं नाही. आणि पहिल्यांदा वापरताना तेलात मिसळलेलं मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ तास थांबायचं. खाज किंवा लाली आली तर तिथेच थांबा.

केस खरंच वाढतात का?

इथे नीट लक्ष द्या, कारण धंद्यात बोलण्याची मर्यादा इथूनच ठरते.

२०१५ साली इराणमधल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आनुवंशिक केसगळती असलेले १०० जण घेतले. निम्म्यांना रोजमेरी तेल, निम्म्यांना २ टक्के मिनॉक्सिडिल. तीन महिन्यांनी दोन्ही गटांत विशेष फरक नव्हता. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत केसांची संख्या वाढलेली दिसली आणि दोन गटांमध्ये ठळक फरक नव्हता. त्याआधी १९९८ मध्ये स्कॉटलंडमध्ये चाई पडलेल्या रुग्णांवर अभ्यास झाला होता. त्यात सुगंधी तेलांच्या मिश्रणाने मालिश करणाऱ्या गटात सुधारणा जास्त दिसली. पण त्या मिश्रणात थाइम, लॅव्हेंडर आणि सीडरवूडही होतं, एकटं रोजमेरी नव्हतं.

म्हणजे काय? आशा ठेवायला जागा आहे, पण शंभर माणसांच्या एका अभ्यासावर 'गॅरंटी' देता येत नाही. आणि गिऱ्हाइकाला 'पंधरा दिवसांत फरक' असं सांगणारा माणूस सरळ खोटं बोलतोय, कारण त्या अभ्यासात तीन महिन्यांतही फरक दिसला नव्हता.

आता धंद्याचं गणित

समजा १०० मिलीची बाटली, २ टक्के प्रमाण. खालचे दर उदाहरणासाठी धरले आहेत, तुमच्या बाजारातले दर टाकून पुन्हा मांडा.

- खोबरेल-तीळ मिश्रण ९८ मिली (५०० रुपये लिटरने): ४९ रुपये
- रोजमेरी इसेन्शियल ऑइल २ मिली (४ रुपये मिलीने): ८ रुपये
- बाटली आणि झाकण: १८ रुपये
- लेबल आणि खोकं: १२ रुपये
- मजुरी, सांडलवंड: १३ रुपये
- एकूण: १०० रुपये

आता यादी पुन्हा वाचा. ज्या नावावर बाटली विकली जाते, त्या रोजमेरीचा खर्च फक्त आठ रुपये! हाच आजच्या लेखाचा गाभा आहे. या आठ रुपयांच्या दोन्ही बाजूंना खड्डा आहे.

पहिला खड्डा: स्वस्त भेसळीचं तेल आणून बाटलीमागे चार रुपये वाचवायचे. शंभर बाटल्यांत ४०० रुपये वाचले आणि नाव गेलं.

दुसरा खड्डा: "थोडं जास्त टाकू, खर्च तर काहीच नाही." आमच्या ताई इथेच फसल्या. जास्त टाकलं म्हणजे जास्त गुण येतो असं नाही, जास्त जळजळ मात्र नक्की होऊ शकते. डोक्याच्या तेलासाठी १ ते २ टक्के, त्यापुढे जायचं नाही. कुणी म्हणालं वास कमी आहे, तर हसून सांगा, "ताई, वास कमी आहे कारण प्रमाण बरोबर आहे."

आणि थेंब मोजत बसू नका. साधारण २० थेंबांचा १ मिली होतो, पण प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा. विक्रीचा माल वजनकाट्यावर किंवा मोजपात्रानेच मोजायचा.

किंमत ठरवताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे शंभराची बाटली दीडशेला विकणं. दुकानदाराने ३० टक्के मागितले की ४५ रुपये गेले, तुमच्या हातात १०५. उरले पाच! तेच एमआरपी २४९ ठेवली तर दुकानदाराचे सुमारे ७५ जाऊन १७४ येतात, खर्च वजा जाता ७४. त्यातून कर, कुरिअर, सॅम्पल, तपासणी आणि परवान्याचा खर्च भागवायचा. मग जे राहील तो नफा.

माल घेताना

पुरवठादाराकडे चार गोष्टी मागा: वनस्पतीचं शास्त्रीय नाव, बॅच नंबर, विश्लेषण प्रमाणपत्र आणि जीसी-एमएस चाचणीचा अहवाल. शास्त्रीय नाव रोझमॅरिनस ऑफिशिनॅलिस किंवा नवं साल्विया रोझमॅरिनस असेल, दोन्ही एकच. घरच्या घरी एक साधी चाचणी करता येते: पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. काही तासांनी चांगलं तेल बहुतेक उडून जातं. तेलकट डाग तसाच राहिला, तर त्यात साधं तेल मिसळलं असण्याची शंका घ्या. ही चाचणी फक्त प्राथमिक, कृत्रिम वास यात सापडत नाही.

साठवण गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत, थंड जागी. हे तेल ज्वलनशील आहे. गॅसवर तापलेल्या तेलात रोजमेरी कधीही ओतू नका. जुनं, हवा लागलेलं तेल त्वचेला जास्त टोचतं, म्हणून बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. अजून एक: खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. थंडीत पुण्या-नाशकात बाटली घट्ट होऊन गिऱ्हाईक तक्रार करेल, म्हणून तिळाचं तेल मिसळा.

परवाना: हे टाळू नका

घरच्यासाठी बनवणं वेगळं आणि विकणं वेगळं. केसांचं तेल विकायला बनवायचं तर ते सौंदर्यप्रसाधन ठरतं. त्याला १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० ची सौंदर्यप्रसाधन नियमावली लागू होते. महाराष्ट्रात उत्पादन परवाना अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. त्यासाठी वेगळी जागा, यंत्रसामग्री आणि तांत्रिक पात्रतेची व्यक्ती लागते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे बसत नाही. उद्यम नोंदणी जरूर करा, ती मोफत आहे, पण ती म्हणजे उत्पादन परवाना नव्हे!

सुरुवातीला इतकी गुंतवणूक झेपत नसेल तर परवानाधारक कारखान्याकडून आपल्या ब्रँडने माल बनवून घ्या, किंवा त्यांच्या जागेवर लोन लायसन्स घेता येतं. बाटलीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, घटक, निव्वळ प्रमाण, तारीख, मुदत, एमआरपी आणि ग्राहक संपर्क हवाच.

आता शब्दांकडे या. टक्कल बरं करतो, नवीन केस उगवतो, अकाली पिकलेले केस काळे करतो, असे दावे औषध नियमावलीच्या अनुसूची 'जे' मध्ये आहेत. त्या यादीतले आजार बरे करण्याचा दावा औषधालासुद्धा करता येत नाही, मग तुमच्या तेलाला कसा करता येईल? "टाळूच्या मालिशीसाठी, केस मऊ आणि चमकदार दिसण्यासाठी" एवढं लिहा. वाक्य साधं आहे, पण झोप शांत लागते.

शिकायचं असेल तर कन्नौजचं सुगंध व सुरस विकास केंद्र आणि लखनौची सीमॅप ही सरकारी संस्था, दोन्हीकडे सुगंधी तेलांची प्रशिक्षणं होतात.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या गावातल्या खऱ्या दरांनी वरचा तक्ता पुन्हा मांडा.
२. तीन पुरवठादारांकडून अहवालासह दर मागवा. अहवाल न देणाऱ्याचं नाव खोडा.
३. १ टक्का प्रमाणाची ५० मिलीची एक बाटली बनवा: ४९.५ मिली तेल, अर्धा मिली रोजमेरी. आधी कोपरावर चाचणी, मग महिनाभर स्वतः वापरा. काय वाटलं ते रोज वहीत लिहा.
४. तुमच्या लेबलवरचं एक वाक्य कमेंटमध्ये टाका. दावा जास्त झाला असेल तर मी सांगेन.

त्या ताईंचं पुढे काय झालं, असंही काहींनी विचारलं. त्यांनी त्या बाईंच्या घरी जाऊन माफी मागितली, सगळ्यांच्या बाटल्या परत घेतल्या, पैसे दिले आणि विक्री थांबवली. सध्या त्या एका परवानाधारक कारखान्याशी बोलणी करतायत. त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय: "१०० मिलीला २ मिली."

तुम्हीही लिहून ठेवा. भेटू पुढच्या व्हिडिओत!