गेटरमधून गेलेल्या नोंदी

‘प्रायव्हेट’ लिहिलं होतं. हे आधीच सांगते, कारण त्या मीटिंगमध्ये मला ते धड सांगूही दिलं नाही. खात्याच्या क्लासमधली शिल्लक प्रायव्हेट, नोंदींची यादी प्रायव्हेट, दोन्हींना गेटर. कॉलेजात शिकवतात तसं, इंटरव्ह्यूत विचारतात तसं: डेटा आणि त्यावरच्या मेथड्स एका कॅप्सूलमध्ये. नऊ वर्षं मी यालाच एन्कॅप्सुलेशन समजत होते.

सॉफ्टवेअर एका पतसंस्थेचं. मे महिन्यात शाखेतून फोन आला. एका खातेदार बाईंचं पासबुक भरलं म्हणून नवीन छापायला घेतलं, तर पहिलीच ओळ 1 एप्रिलनंतरची. मागचं सगळं गायब. शिल्लक 48,600 रुपये आणि नोंदींची बेरीज 3,200. क्लार्कनी जुनं पासबुक समोर धरून मला एकेक ओळ वाचून दाखवली. “मॅडम, या बाई भाजी विकतात. आठवड्याला पाचशे-पाचशे भरलेत. ते गेले कुठं?”

दोन रात्री मी भलतीकडेच शोधत होते. डेटाबेस तपासला, जुन्या डेटाचं स्थलांतर तपासलं. शेवटी हायबरनेट डेटाबेसला काय काय सांगतं ते लॉगमध्ये छापायला लावलं आणि टेस्ट सर्व्हरवर एका खात्याचं स्टेटमेंट काढलं. सिलेक्ट आलं, पुन्हा सिलेक्ट आलं, स्टेटमेंट दिल्याची नोंद करणारं इन्सर्ट आलं. आणि मग डिलीट. त्याखाली आणखी एक डिलीट. स्क्रीन भरेपर्यंत तीच ओळ. स्टेटमेंट म्हणजे नुसतं वाचायचं काम, त्यात डिलीट कुठून आलं? रात्री दीड वाजता मी ती ओळ बोटानं मोजत बसले होते.

रिपोर्टवाल्या टीमला चालू आर्थिक वर्षाच्याच नोंदी दाखवायच्या होत्या. त्यांनी माझ्या गेटरकडून यादी घेतली आणि ‘रिमूव्हइफ’ लावून 1 एप्रिलच्या आधीच्या नोंदी तिच्यातून काढून टाकल्या. त्यांना वाटलं, आपल्या हातातल्या यादीतून काढल्या. पण जावात गेटर यादीची प्रत देत नाही, मूळ यादीचा पत्ताच देतो. शिवाय खातं आणि नोंदी यांच्या नात्यावर ‘ऑर्फन रिमूव्हल’ चालू होतं: यादीतून नोंद गेली की टेबलातूनही जाते. ट्रान्झॅक्शन कमिट झालं की काम तमाम. शिल्लक वेगळ्या रकान्यात होती म्हणून ती तेवढी वाचली.

मीटिंगमध्ये रिपोर्टच्या टीम लीडनं एकच वाक्य धरून ठेवलं: “यादी तुमच्या क्लासनं दिली. हात लावायचा नव्हता तर द्यायची कशाला?” मॅनेजर सरांनी मान डोलावली आणि रूट कॉजच्या अहवालात माझं नाव गेलं. त्याच्या टीमनं स्टेटमेंट काढल्यावर टेबलातल्या नोंदी एकदा मोजून पाहिल्या असत्या तरी पहिल्या दिवशी कळलं असतं, हे अहवालात कुठंच नाही. त्यांचा कोड रिव्ह्यूसाठी माझ्याकडे कधी आलाच नव्हता, हेही नाही. 212 खात्यांच्या नोंदी बॅकअपमधून परत आणायला मी दोन रविवार घातले. तो फिरकलाही नाही. राग अजून आहे. पण ते वाक्य मात्र बरोबर होतं, आणि तेच जास्त लागलं.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. यादी बाहेर देताना ‘लिस्ट डॉट कॉपीऑफ’नं द्या, जावा 10 पासून, म्हणजे 2018 पासून ते आहे. त्याहून जुन्या जावावर असाल तर आधी नवीन यादीत प्रत काढा आणि ती ‘अनमॉडिफायेबललिस्ट’मध्ये गुंडाळून द्या. नुसतं गुंडाळलंत तर बाहेरच्याला बदल करता येत नाही हे खरं, पण मूळ यादी बदलली की त्याच्या हातातलीही बदलते. ‘रेकॉर्ड’ वापरलं म्हणून निर्धास्त राहू नका, त्याच्या आतली यादी बदलता येतेच. जुना ‘डेट’ क्लासही तसाच फसवा आहे, त्यावर कुणीही सेटटाइम मारू शकतं. 2014 मध्ये जावा 8 बरोबर आलेला ‘लोकलडेट’ बदलत नाही, तो वापरा.

सगळ्यात महत्त्वाचं सेटरचं. ‘सेट शिल्लक’ हवंच कशाला? शिल्लक कुणी ठरवत नसतं. पैसे जमा होतात नाहीतर काढले जातात. म्हणून ‘जमा कर’ आणि ‘काढ’ या दोनच मेथड्स ठेवा. किमान शिल्लक किती हवी, तो नियम आत राहू दे. आमच्याकडे तो तीन स्क्रीनवर तीन वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहिलेला सापडला, कारण सेटर उघडा होता. लॉम्बॉकचं ‘डेटा’ ॲनोटेशन क्लासवर ठोकलं की बदलता येणाऱ्या प्रत्येक फील्डचा सेटर आयता तयार होतो. ते आधी काढा.

डेव्हिड पार्नास यांनी 1972 मध्येच लिहून ठेवलंय की मॉड्यूल पाडताना कामाच्या पायऱ्या बघू नका, उद्या बदलू शकेल असा निर्णय कोणता ते बघा आणि तो आत लपवा. नोंदी यादीत ठेवायच्या की आणखी कशात, हा माझा निर्णय होता, आणि गेटर लिहून तो मीच चव्हाट्यावर मांडला. हे मला वर्गात कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तिथं फक्त कॅप्सूलचं चित्र काढून घेतलं.

बाकी टेस्ट लिहा, रिव्ह्यू करून घ्या, हे सगळे सांगतातच.

गेल्या महिन्यात त्याच टीमकडून तक्रार आली की माझ्या यादीवर सॉर्ट चालत नाही, ‘अनसपोर्टेड ऑपरेशन’ची एरर येते. मी उत्तर लिहिलं: बरोबर येते. तुमच्याकडे प्रत करून घ्या, मग हवी तशी लावा.