‘रन’ या शब्दाची धाव

(द्वितीय वर्ष कला)

इंग्रजीचा तास म्हटला की खेड्यातून आलेल्या आमच्यासारख्या विद्यार्थ्यांच्या पोटात गोळा उठतो. मोठमोठे शब्द अडवतात म्हणून इंग्रजी अवघड, असा आमचा समज असतो. माझा अनुभव मात्र उलटा आहे. मोठ्या शब्दाचा अर्थ कोशात एका ओळीत सापडतो. घात करतात ते लहान शब्द. ‘रन म्हणजे धावणे’ एवढा शाळेत पाठ केलेला अर्थ घेऊन मी महाविद्यालयात आलो आणि फसलो. ती हकीकत आधी सांगतो.

पहिल्या वर्षी सरांनी आपल्या कुटुंबावर दहा वाक्ये लिहायला सांगितली. माझे वडील गावात पिठाची गिरणी चालवतात. चालणे म्हणजे ‘वॉक’, म्हणून मी लिहिले, ‘माय फादर वॉक्स अ फ्लोअर मिल’. वर्गात हशा पिकला. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर ‘वॉक्स’ खोडून ‘रन्स’ लिहिले व म्हणाले, “मराठीत जे चालते ते इंग्रजीत पुष्कळदा धावते.” हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतले आणि उदाहरणे जमवू लागलो.

सरांचे म्हणणे पटण्यास वेळ लागला नाही. आपल्याकडे यंत्र चालते, दुकान चालते, संस्था चालते, नाटक शंभर रात्री चालते. एखादा गुण घराण्यात चालत येतो. इंग्रजीत या सर्व ठिकाणी ‘रन’ येतो. पण एवढ्यावर भागत नाही. आपला नळ वाहतो, नाक वाहते, कपड्याचा रंग जातो, रस्ता नदीकाठाने जातो, अंगात ताप असतो, घरातले दूध संपते. मराठीला इतकी निरनिराळी क्रियापदे लागतात आणि इंग्रज माणूस प्रत्येक जागी ‘रन’ वापरून मोकळा होतो! दूध संपले तर ‘रन’च्या मागे ‘आऊट’ जोडायचा, इतकेच. शेपूट बदलले की अर्थ बदलतो. ‘रन इनटू’ म्हणजे अचानक गाठ पडणे, ‘रन ओव्हर’ म्हणजे वाहनाखाली चिरडणे, ‘रन डाऊन’ म्हणजे एखाद्याची निंदा करणे, ‘रन शॉर्ट’ म्हणजे कमी पडणे.

निवडणुकीचे उदाहरण तर मोठे गमतीचे आहे. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, म्हणजे धावतो. इंग्लंडात तोच ‘स्टँड’ करतो. आपल्याकडेही तो उभाच राहतो. एकाच भाषेच्या दोन देशांत एक उमेदवार धावतो व दुसरा उभा राहतो, यावरून शब्दार्थ पाठ करणे किती धोक्याचे आहे हे ध्यानात यावे.

‘रन’ नाम म्हणूनही येतो. क्रिकेटमधली धाव सर्वांना ठाऊक आहे. पूर्वी इंग्लंडात काठीवर चाकूने खाच पाडून धावा मोजत, म्हणून धावेला ‘खाच’ या अर्थाचा ‘नॉच’ हा शब्द होता. पुढे खाच गेली आणि धाव राहिली.

आता या शब्दाला एवढे अर्थ आले कोठून? ‘रन’ हा जुन्या इंग्रजीतला शब्द. त्याच्याच नात्यातल्या ‘रिनेन’ या जर्मन शब्दाचा अर्थ वाहणे, झिरपणे असा आहे. म्हणजे पाणी ‘रन’ होते ही काही नवी लकब नव्हे. माणसाची धाव आणि पाण्याची धार या कुळात फार पूर्वीपासून एकत्र नांदतात. पुढे यंत्रे आली, आगगाड्या आल्या, कारखाने आले आणि न थांबता चालणारी प्रत्येक वस्तू या शब्दाच्या पदरात पडली. प्रसिद्ध ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. त्याचे सुमारे ४३० अर्थ दिले होते. २०११ साली तो मान ‘रन’कडे गेला. कोशाचे एक संपादक पीटर गिलिव्हर यांनी या एका शब्दावर नऊ महिने काम केले आणि क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले. ज्या शब्दाने कोशकारांना नऊ महिने बसवून ठेवले, त्याने आम्हाला एका तासात वश व्हावे ही अपेक्षाच चुकीची नाही का?

आणि यात इंग्रजीलाच दोष का द्यावा? आपला ‘चालणे’ घ्या. ‘चालेल’ म्हणजे मान्य आहे, ‘चालता हो’ म्हणजे निघून जा, ‘चालू माणूस’ म्हणजे लबाड, ‘चित्रपट चालला’ म्हणजे त्याला प्रेक्षक मिळाले. १८५७ साली मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. तो कोश उघडून मराठी शिकणाऱ्या साहेबाचीही आमच्यासारखीच तारांबळ उडत असेल. आपण आपल्या भाषेत हे अर्थ पाठ केले नाहीत. वाक्यावाक्यातून ते अंगवळणी पडले.

अखेरीस एक प्रसंग सांगतो. सरांनी दुरुस्त केलेले वाक्य मी फीमाफीच्या अर्जात मोठ्या अभिमानाने लिहिले. अर्ज परत आला. “गिरणीमालकाच्या मुलाला फीमाफी कशी मिळेल?” असा प्रश्न विचारण्यात आला. वाक्य व्याकरणाने शुद्ध होते, पण ‘रन’मध्ये गिरणीवर उभे राहून दळण दळणारा येतो तसा गिरणीचा कारभार पाहणारा धनीही येतो. आमच्या गावात ‘गिरणी चालवतो’ म्हटले तर ती कोणाची हे सांगावे लागत नाही. सर्वांना माहीत असते. कागदाला ते माहीत नसते. वडील दुसऱ्याच्या गिरणीवर महिन्याच्या पगारावर आहेत, हे मी नव्याने लिहिले, तेव्हा काम झाले.

त्या दिवसापासून मी एकटा शब्द पाठ करणे सोडले. शब्द कोणत्या वाक्यात, कोणत्या सोबत्याबरोबर व कोणासमोर आला ते पाहतो आणि ते वाक्यच वहीत लिहितो. वहीची चाळीस पाने भरली आहेत. परवा तिच्यात एक नवा प्रयोग आला, ‘रन ऑफ द मिल’. गिरणीतून निघालेला, न निवडलेला माल. त्यावरून अर्थ झाला सामान्य, नेहमीचा. सुट्टीत घरी गेल्यावर वडिलांना तो समजावून सांगितला. पिठाने पांढरे झालेले हात झटकत ते म्हणाले, “अरे, दळण नेहमीचंच असतं. पण एक दिवस गिरणी बंद ठेव, मग गावाला विचार.”